एक फिल्टरचा

हुक्केरीबाईंची बदली झाली शिमोग्याला.
जाताना पितळी फिल्टर माझ्या हातात दिला
आणि माप सांगितलं, रिक्षात बसता बसता :
‘दोन चमचे दोघींचे, एक फिल्टरचा.’
रिक्षा कोपऱ्यावरून वळली.
चमचा कुठला, ते विचारायचं राहिलं.

आमच्या घरात चमचे सतरा.
लग्नातल्या सहाच्या सेटातले उरलेले चार,
मिठाच्या बरणीतला बुटका,
खोकल्याच्या औषधाबरोबर आलेला प्लास्टिकचा,
आणि एक, ज्यावर ‘अ. बा. शिंत्रे’ असं कोरलंय,
कुठल्या पंगतीतून आला देव जाणे.
पहिल्या दिवशी पाणी झालं.
दुसऱ्या दिवशी काढा.
तिसऱ्या दिवशी मी इतकी दाबून भरली
की तासभर खाली थेंब नाही.

हे म्हणाले, ‘दुकानात घेऊन ये सगळं.’

गुजरीत, जिना चढून, एका खिडकीचं दुकान.
ज्या काट्यावर नथीतले मोती उतरवून
नुसतं सोनं जोखतात,
त्यावर मी एकेक चमचा कॉफी रिकामी केली.
ह्यांनी पंखा बंद केला, काचेचं झाकण लावलं.
मी उगाचच श्वास धरला.
‘लग्नातला सपाट, सहा ग्रॅम. शीग लावलीस तर आठ.
शिंत्र्यांचा जवळजवळ दहा मासे.’
मग तोच चमचा परत भरायला लावला, परत, परत.
‘बघ. चमचा तोच हाय, तू दरवेळी येगळी.’
समोर पाटल्या मोडायला आलेली बाई
पर्स मांडीवर धरून बघत होती.
तिचं सोनं कॉफीनंतर जोखलं.
ह्यांनी पारडं कुंचल्यानं झाडलं, नेहमीच्या डब्यात,
म्हणजे यंदा झारेकऱ्याला
गुजरीच्या धुळीत चिकोरी सापडणार.

ठरलं ते असं : दोन तोळे.
ग्रॅममध्ये तेवीस आणि वर थोडे.
पाणी उकळी फुटून जरा शांत झालेलं, भांड्याच्या कडेनं.
पण बाई आणायच्या पिशवीचं, गाईचं दूध,
आणि आमच्याकडं गंगावेशीच्या कट्ट्यावरचं,
म्हैस समोर पिळून दिलेलं.
ते दूध कॉफी गिळून टाकतं
आणि वर साय धरून बसतं, काही झालंच नाही असं.
म्हणून आणखी तीन मासे.

हे जोखतात, पीत नाहीत.
ह्यांना चहा, तोही खालच्या गाड्यावरचाच.
तेव्हा मी हिशेब केला : माणूस एक, तर माप निम्मं.
फिल्टर मोठा, थर पातळ पडला,
पाणी कॉफीत थांबलंच नाही,
कुणाच्या तरी दारावरून जावं तसं निघून गेलं.
निम्म्या मापात निम्मी कॉफी होत नाही,
हे कुठल्याच तराजूवर दिसलं नव्हतं.

शेवटी फोन केला.
म्हटलं, चमचा कुठला होता हो तुमचा?
त्या आधी हसल्या, मग कानडीत कुणाला तरी काही बोलल्या,
मग म्हणाल्या, ‘अहो, तो तुमचाच की.
साखर मागायला आले होते ना, पहिल्या महिन्यात,
त्या वाटीतला. द्यायचा राहिला बघा.’
‘आणि भरत होता कसा? सपाट की शीग?’
‘ते काय बघून घालतात का?’

आता मी दोन तोळे तीन मासेच घालते.
एक कप सकाळी. दुसऱ्याचं पाणी-दूध करत नाही,
अर्क तसाच फ्रीजमध्ये, काळा,
संध्याकाळी सहाला काढते,
बँकेतून जिना चढताना त्यांच्या चपला वाजायच्या त्या वेळेला.
लग्नातल्या सेटातला पाचवा शिमोग्यात आहे, कळलं.
सहावा कुठं गेला,
ते मात्र घरात कुणीच कबूल करत नाही.